रेकॉर्ड प्लेअर घ्यायचा आहे: डायरेक्ट ड्राइव्ह की बेल्ट ड्राइव्ह? (गावात राहून ऐकणाऱ्यांसाठी)

आर्वीकर

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यात खेड्यात राहतो, शेती करतो. बाबांचा रेकॉर्ड्सचा संग्रह आता माझ्याकडे आला आहे. निम्म्या एलपी, निम्म्या जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या). त्यांच्या चेंजरची (रेकॉर्ड्स आपोआप बदलणाऱ्या प्लेअरची) मोटर जळाली, त्यामुळे आता एकच पण चांगलं टर्नटेबल घ्यायचं आहे. परत परत खर्च करणं जमणार नाही.

वाचायला बसलं की सगळीकडे एकच वाक्य येतं: डायरेक्ट ड्राइव्ह डीजेंसाठी, बेल्ट ड्राइव्ह ऐकणाऱ्यांसाठी. मला हे इतकं सरळ वाटत नाही. असं लिहिणाऱ्यांच्या घरी लाइन कधी हलत नाही. आमच्याकडे रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा हळू पडतो. लाइन गेली की इन्व्हर्टर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. कापूस निघाला की जिनिंगकडून येणारा बारीक तंतू घरभर बसतो. आणि काही बिघडलं तर वर्धा किंवा अमरावती गाठायची, तिथेही हे काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून प्रश्न असा, की आपल्या लाइनीवर, आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या संग्रहासाठी कोणतं मशीन बरं? माझा कल डायरेक्ट ड्राइव्हकडे आहे. एक तर त्याला बेल्ट नाही, म्हणजे उन्हानं खराब होणारं रबर नाही. दुसरं, ७८ चा वेग त्यातल्या काहींत मिळतो. तिसरं, वेग क्वार्ट्‌झवर (ठराविक तालात कंपणाऱ्या, घड्याळात असतो तशा स्फटिकावर) बांधलेला असतो, लाइनीवर नाही. जाणकारांनी हे तपासून द्यावं. कोणाचं मत वेगळं असेल तर ते आधी लिहा.

वर्धाकाठ

आर्वीकर भाऊ, विषय चांगला काढला. आधी दोन्हींचं आतलं काम सांगतो.

बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते, तिच्या पुलीवरून रबरी पट्टा प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या थाळीला, फिरवतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा पाहिला असेल, तत्त्व तेच. मोटर बरीच जोरात फिरते. २४ पोलची सिंक्रोनस (लाइनीच्या सायकलच्या तालावर फिरणारी) मोटर ५० सायकलवर, म्हणजे ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर, मिनिटाला २५० फेरे घेते, ते पुली आणि प्लॅटरच्या व्यासातल्या फरकानं साडेसातपट कमी होऊन ३३⅓ वर येतात. मोटरची थरथर बऱ्याच अंशी रबरातच जिरते, सुईपर्यंत पोचत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी अकॉस्टिक रिसर्चचं एक्सए हे टर्नटेबल आणलं. त्यात प्लॅटर आणि आर्म (सुई धरणारा दांडा) एकाच चौकटीवर आणि ती चौकट स्प्रिंगवर टांगलेली. पुढची कित्येक नामांकित बेल्ट मशीन त्याच वाटेनं गेली.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे काहीच नाही. प्लॅटरचा दांडा हाच मोटरचा दांडा, म्हणजे मोटरच मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. जपानच्या मात्सुशिता कंपनीतले इंजिनिअर शुइची ओबाता यांच्या चमूनं हे बसवलं. त्याच कंपनीच्या टेक्निक्स नावानं एसपी-१० १९७० मध्ये आलं, ते मुख्यतः रेडिओ स्टेशनांसारख्या व्यावसायिक वापरासाठी. १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं, तेही घरी बसून नीट ऐकणाऱ्यांसाठीच. १९७९ च्या एमके-२ या त्याच्या सुधारित मॉडेलमध्ये क्वार्ट्‌झ लॉक आलं. डीजे मंडळींनी ते मशीन उचललं कारण प्लॅटर हातानं थांबवला, उलटा फिरवला तरी सोडल्याबरोबर वेग पकडायचा. एमके-२ ला उभ्यापासून पूर्ण वेगाला ०.७ सेकंद लागतात. बेल्ट तिथे घसरतो. म्हणजे ‘डीजेंचं मशीन’ ही ओळख नंतरची. २०१० मध्ये ते बंद झालं आणि २०१६ मध्ये परत आलं, तेव्हाही घरी ऐकणारा गिऱ्हाईकच डोळ्यासमोर होता.

सुरुवातीच्या डायरेक्ट मशीनवर एक आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. इतक्या हळू फिरणाऱ्या मोटरला एकेका पोलचा झटका जाणवतो, आणि वेग सावरणारं सर्किट सतत थोडं पुढे थोडं मागे करत राहतं. चांगल्या मोटारींत ही अडचण खूप खाली आणली गेली. एमके-२ चा वाव-फ्लटर, म्हणजे वेगातला चढउतार, ०.०२५ टक्के दिलेला आहे. स्वस्त डायरेक्ट मशीनमध्ये मात्र इतकी सफाई गृहीत धरू नका.

पुसदचा_मेकॅनिक

भाऊ, म्या लय मशीनी उघडल्या, मनून सांगतो.

बेल्टवाल्याचं एक बरं असते. बिघडलं तं डोळ्यानं दिसते. बेल्ट ढिला झाला, कडक झाला, नाई तं वितळून पुलीले चिकटला. गरमीत बंद पेटीत ठेवलेल्या मशीनीतला बेल्ट म्या चाकूनं खरवडून काढला हाय. पण नवा बेल्ट टाकाले पाच मिनिटं लागते अन् कोणाची गरज नाई. प्लॅटर उचला, पुली स्पिरिटनं पुसा, बेल्ट टाका, झालं. मशीन घेतानाच दोन बेल्ट जास्तीचे मागवा. पिशवीत घालून अंधारात, गार जागी ठेवा.

डायरेक्टवाल्याची मोटर सहसा मरत नाई. चाळीस वर्सं जुनी मोटर आजबी फिरते. दांड्याच्या बुशिंगले टायमावर तेलाचा थेंब दिला का झालं. पण त्यातली कंट्रोलची आयसी गेली तं मंग सगळा खेळ थांबते. जुन्या मॉडेलची आयसी नवी कोणी बनवत नाई, दुसऱ्या मेलेल्या मशीनीतून काढा लागते. मनून जुनं डायरेक्ट घेत असान तं विचार करून घ्या. नवं घेत असान तं भेव नाई.

अजून एक. कोणाचा पोरगा अमेरिकेतून मशीन घेऊन येते अन् लोकं ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून मोकळे होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलते, सायकल नाई बदलत. तिकडं ६०, आपल्याकडं ५०. सिंक्रोनस मोटरवाली बेल्ट मशीन असन तं हळू फिरनच. तिची पुली बदलाच लागते. जुन्या बिछायत केंद्राच्या गोडाऊनात अशी मशीन भेटली तं आधी मागची पट्टी वाचा.

षड्ज_अकोला

मेकॅनिक भाऊंनी सांगितलेलं सुरांच्या भाषेत सांगते. मी गाणं शिकवते.

६० सायकलची मोटर ५० वर चालली की ३३⅓ चे २७.८ फेरे होतात. म्हणजे सूर तीन अर्ध्या स्वरांहूनही किंचित जास्त उतरतो. काळी एकमध्ये गाणारा गायक काळी पाचमध्ये, तोही खालच्या सप्तकात ऐकू येतो आणि लय रेंगाळते. विद्यार्थी अशा रेकॉर्डवरून बंदिश उचलत असेल तर सगळंच चुकीचं बसतं.

पण आपल्या ५० सायकलच्या लाइनीला उगाच घाबरू नका. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. ४९.९० ला सिंक्रोनस मोटर ०.२ टक्के हळू होईल. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले तर हा फरक साडेतीन भागांचा. तंबोरा लावणाऱ्या कानालाही तो सुटा ओळखणं कठीण आहे.

मोठा चोर वेगळाच आहे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: रेकॉर्डचं भोक. ते मधोमध नसेल, अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असेल, तर मध्यापासून दहा सेंटिमीटरवरच्या खाचेत सूर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली झुलतो. प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदाला. आतल्या खाचांत हा झोका आणखी वाढतो. जगातली सगळ्यात महाग मोटर आणली तरी तो जाणार नाही. वर्धाकाठ यांनी दिलेल्या ०.०२५ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. सुई वाजत असताना आर्मकडे समोरून बघा. डोकं आत-बाहेर हळूच डुलत असेल तर दोष रेकॉर्डचा आहे, ड्राइव्हचा नाही.

ऐकून परीक्षा करायची असेल तर द्रुत लयीतलं काही लावू नका. आमच्या जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात १९२० साली जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे यांचंच उदाहरण घ्या. त्यांची तान इतक्या वेगानं फिरते की मोटरचा थोडा दोष तिच्यात सहज झाकला जातो. विलंबित सुरू व्हायच्या आधीचा नुसता तंबोरा, सारंगीचा लांब धरलेला सूर किंवा पेटीवर दाबून ठेवलेला सा लावा. तिथे काहीच लपत नाही.

आर्वीकर

षड्ज ताई, भोकाचं हे मला माहीत नव्हतं. आजच बाबांच्या काही एलपी या नजरेनं बघतो. पण आमच्याकडे फ्रिक्वेन्सीपेक्षा व्होल्टेजचा प्रश्न मोठा आहे. संध्याकाळी १७० पर्यंत पडतं. बेल्ट मशीन तेव्हा हळू होईल का?

अचलपूर_३३

नाही होणार, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. पंखा हळू झाला म्हणून टर्नटेबलही हळू होईल असं वाटतं, पण दोन्ही मोटारी वेगळ्या जातीच्या. सिंक्रोनस मोटर सायकल मोजते, व्होल्टेज मोजत नाही. व्होल्टेज पडलं की तिचा जोर कमी होतो, वेग नाही. फारच पडलं तर ती थांबेल किंवा सुरूच होणार नाही, पण फिरत असेल तर बरोबरच फिरेल. स्टॅबिलायझर लावायचा तर तो जोरासाठी आणि बाकीच्या ॲम्प्लिफायरच्या भल्यासाठी लावा. त्याच्या रिलेचा खटका मात्र स्पीकरमध्ये ऐकू येतो.

डीसी मोटरवाली बेल्ट मशीन निराळी. त्यांचा वेग सर्किट ठरवतं आणि मोटर तापली, जुनी झाली की काहींचा वेग सरकतो. बहुतेकांना खालून दोन बारीक स्क्रू असतात, एक ३३ चा, एक ४५ चा. त्यांनी वेग परत जागेवर आणता येतो.

मी बेल्टच्या बाजूचा आहे आणि ठामपणे आहे. ज्याच्याकडे फक्त एलपी आहेत, जो रात्री जेवणं आटोपल्यावर शांतपणे एक बाजू ऐकतो, त्याला टॉर्क (मोटरचा जोर) कशाला लागतो? त्याला लागते शांतता. गावात रात्री किती शांत असतं ते शहरातल्या माणसाला कळणार नाही. शहरात मशीनची घरघर रस्त्याच्या आवाजात बुडते, इथे ती उघडी पडते. दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेत माझ्या बेल्ट मशीनमधून काहीही येत नाही, आणि मला तेच हवं असतं. तेवढ्याच पैशाच्या डायरेक्ट मशीनमध्ये खर्च मोटर, सर्किट, पिच स्लायडर (वेग थोडा कमी-जास्त करायची सरकपट्टी), दिवे यांच्यात वाटला जातो. बेल्ट मशीनमध्ये तो बेअरिंग आणि आर्ममध्ये जातो. आवाज आर्म आणि कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) ठरवतात.

वर्धाकाठ

अचलपूर भाऊ, शांततेचं पटलं. पण एमके-२ चा रंबल, म्हणजे मशीनची घरघर, गाण्याच्या आवाजाच्या ७८ डेसिबल खाली आहे. त्याच्या कितीतरी वर खुद्द रेकॉर्डच्या खाचेचा आवाज असतो. चांगल्या डायरेक्ट मशीनमध्ये तुम्हाला मोटर ऐकू येणार नाही, रेकॉर्डच ऐकू येईल. तुमचा मुद्दा स्वस्त मशीनना लागू पडतो, आणि तिथे मी तुमच्याशी सहमत आहे.

अचलपूर_३३

बरोबर. पण आपल्यातले बहुतेक जण स्वस्तच घेणार आहेत ना? म्हणूनच सांगतो.

वणी_वायरमन

इन्व्हर्टरचा मुद्दा सुटून राहिला, तो मी घेतो.

साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर सिंक्रोनस मोटर त्यावर चालवू नका. ती घरघरते, तापते, आणि इन्व्हर्टरची स्वतःची फ्रिक्वेन्सी बरोबर ५० असेलच असं नाही. ग्रिडवर सुरात चालणारी मोटर इन्व्हर्टरवर बेसूर होऊ शकते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर बरंच ठीक.

आजकालची कित्येक मशीन, डायरेक्ट असो की बेल्ट, बाहेरच्या डीसी अ‍ॅडॉप्टरवर चालतात. अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० असं लिहिलेलं बघा. तसं असेल तर संध्याकाळचे १७० आणि अमेरिकेचे ६० दोन्ही विसरून जा. मात्र सगळे अ‍ॅडॉप्टर डीसी नसतात. काही चांगल्या बेल्ट मशीनसोबत २४ व्होल्ट एसीचा अ‍ॅडॉप्टर येतो, आत मोटर सिंक्रोनसच असते. तिथे सायकलचा नियम लागू. अ‍ॅडॉप्टरवर आउटपुटपुढे डीसी लिहिलं आहे की एसी, एवढं वाचा.

आर्वीकर भाऊ, तुमच्याकडे लाइन इतकी जाते-येते तर माझं मत डीसी अ‍ॅडॉप्टरवालं क्वार्ट्‌झ डायरेक्ट.

आणि अर्थिंग. गावातल्या निम्म्या घरांत तीन पिनच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकात तार असते, पण ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते. कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट, त्यामुळे हम्म असा आवाज लगेच येतो आणि लोक मशीनला दोष देतात. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्री-अ‍ॅम्पच्या (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणाऱ्या डब्याच्या) स्क्रूला घट्ट बांधा. तरीही हम्म राहिला तर घराचा अर्थिंगचा खड्डा तपासा. मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो, त्यात पाणी टाकावं लागतं. हे काम लायसन्सवाल्या माणसाकडून करून घ्या.

झाडीपट्टी

मी भंडारा जिल्ह्यातून. आर्वीकर दादा, तुमच्या निम्म्या रेकॉर्ड्स ७८ च्या आहेत आणि वर सगळी चर्चा एलपीची चालली आहे. माझ्याकडे आजोबांच्या ७८ च्या बऱ्याच आहेत, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

७८ ची रेकॉर्ड व्हिनाइलची नसते, तिच्यात मुख्य चिकटवण लाखेची. तीच लाख, जी आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलात पळसावर आणि कुसुमावर किडे तयार करतात. जगाला ती पुरवणारा मुख्य देश भारतच होता. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेना म्हणून परदेशात जुन्या रेकॉर्ड्स गोळा करून वितळवल्या गेल्या. आमच्या पळसाची लाख कुठल्या कुठे जाऊन गाणं झाली असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

लाख आहे म्हणून पहिला नियम: ७८ च्या रेकॉर्डवर स्पिरिट किंवा अल्कोहोलचं कोणतंही द्रावण लावू नका. लाख त्यात विरघळते, रेकॉर्ड कायमची जाते. एलपी साफ करायच्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा अल्कोहोल असतं, लेबल वाचा. मऊ ब्रश, डिस्टिल्ड पाणी आणि अगदी थोडा सौम्य साबण, मधला कागद कोरडा ठेवून. लगेच पुसून सावलीत उभी वाळवा.

दुसरी गोष्ट सुई. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची खाच मागते ३ मिलची. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. एकाच कार्ट्रिजवर सुई बदलता येते अशी रचना घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत हे आहे. व्हीएम९५ई ची एलपीची सुई २ ग्रॅमवर चालते, ७८ साठी व्हीएम९५एसपी ची सुई ओढून बदलायची, तिला ५ ग्रॅम लागतात. दर वेळी वजन परत मोजून लावायचं, हे विसरायचं नाही. साधा डिजिटल काटा पुरतो.

आता ड्राइव्हकडे येते. ५ ग्रॅमची जाड सुई लाखेच्या खडबडीत खाचेत ७८ च्या वेगानं ओढायला जोर लागतो. हलक्या प्लॅटरच्या स्वस्त बेल्ट मशीनवर जोराच्या जागी वेग दबतो, कान देऊन ऐकलं तर कळतं. शिवाय बहुतेक बेल्ट मशीनमध्ये ७८ नसतोच, असला तरी काहींत बेल्ट वेगळा लावावा लागतो. ज्या डायरेक्टमध्ये ७८ असतो, त्यात बटण दाबलं की झालं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स डायरेक्ट आहे, ३३, ४५, ७८ तिन्ही आहेत, आणि व्हीएम९५ई त्याच्यासोबतच येतं.

शेवटचं कारण कमी लोक सांगतात. फार जुन्या ७८ रेकॉर्ड्स खरोखर ७८ वर कापलेल्या नसत. काही ७५ च्या आसपास, काही ८० च्या. पिच स्लायडर असेल तर पेटी घेऊन बसायचं, गायकाचा सा जुळवायचा आणि मग गाणं ऐकायचं. अचलपूर दादांना जो स्लायडर नको आहे, तोच मला सगळ्यात जास्त लागतो.

षड्ज_अकोला

झाडीपट्टी ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मात्र पेटीवरून सा जुळवताना एक काळजी घ्या. गायक कोणत्या पट्टीत गायचा हे माहीत नसेल तर आवाजाचा पोत बघा. वेग जास्त झाला की आवाज बारीक आणि कंप घाईचा वाटतो. दोन्ही सहज वाटतील तिथे थांबा. एलपी लावायच्या आधी स्लायडर मधोमध शून्यावर आणा, नाहीतर क्वार्ट्‌झ असूनही सगळं थोडं चढलेलं ऐकाल.

अचलपूर_३३

७८ साठी मी माघार घेतो, ताईंचं म्हणणं बिनतोड आहे. एलपीसाठी माझं मत तेच.

पुसदचा_मेकॅनिक

दोन्ही मशीनले लागू अशी चाचणी सांगतो. पैसे लागत नाई, मोबाइलचं ॲपबी नाई. प्लॅटरच्या कडेले पांढऱ्या कागदाची चिमूटभर पट्टी चिटकवा, समोर पेन उभा ठेवा. रेकॉर्ड लावा, सुई खाली टाका, सुई टाकूनच मोजाचं हाय. पट्टी पेनापाशी आली का घड्याळ सुरू, अन् त्या वक्ताले एक नाई, शून्य मोजा. ३३ वर बरोबर तीन मिनिटांत १०० फेरे झाले पायजे. ४५ वर १३५. तीन मिनिटांत ९९ झाले तं एक टक्का हळू हाय.

काही प्लॅटरच्या कडेले ठिपके असते. जुन्या मशीनीत लाइनीवरचा निऑन दिवा सेकंदाले १०० डाव लुकलुकते, म्हणून ५० सायकलसाठी ३३ च्या ओळीत १८० ठिपके असते. ते थांबलेले दिसले तं वेग बरोबर. पण तो दिवा लाइनीवर चालते हे ध्यानात ठेवा. लाइनच सरकली तं दिवाबी तिच्यासंगं सरकते अन् खोटं सांगते. क्वार्ट्‌झवाल्याचा दिवा क्वार्ट्‌झवर चालते, तो खरा.

वर्धाकाठ

सूटकेससारख्या पेटीतले प्लेअर जत्रेतल्या खेळण्यांसारखे सगळीकडे विकले जातात. तेही बेल्टचेच असतात, म्हणून बेल्टचं नाव खराब होतं. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज आणि ५-६ ग्रॅमचा भार असतो. बाबांच्या एलपी त्यावर लावू नका.

आर्वीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा निर्णय झाला: डीसी अ‍ॅडॉप्टरवर चालणारं, ७८ असलेलं, सुई बदलता येणारं नवं डायरेक्ट ड्राइव्ह. माझ्याकडे फक्त एलपी असत्या आणि घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असता, तर अचलपूर भाऊंचं ऐकून बेल्ट घेतलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. लाइन आणि ७८ या दोन गोष्टींनी माझ्यापुरता निकाल लावला.

आता एकच शंका. वरच्या माडीवर पुस्तकांची खोली आहे, खाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी. खाली बैठकीत शहाबादी फरशी, पण तिथे उन्हाळ्यात कूलर चालतो. मशीन कुठे ठेवू?

अचलपूर_३३

खाली फरशीवर, जड लाकडी टेबलावर. माडीवर चालताना फळी दबते आणि सुई उडते. स्प्रिंगवर टांगलेली बेल्ट मशीन तर लाकडी फळ्यांवर डोलायलाच लागतात. वरच ठेवायचं असेल तर जमिनीवर नाही, भिंतीत पक्की फळी ठोका.

वणी_वायरमन

कूलरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं. त्याची थरथर टेबलात येते, आणि ओल्या हवेनं रेकॉर्डच्या कव्हरला बुरशी धरते. मी तर रेकॉर्ड ऐकताना कूलर बंद करतो. दोघांना वेगवेगळे सॉकेट द्या.

झाडीपट्टी

रेकॉर्ड्स टिनाच्या पत्र्याखाली ठेवू नका, मे महिन्यात तिथलं तापमान बाहेरच्या पाऱ्यापेक्षा बरंच वर जातं. व्हिनाइल ६० अंशांच्या पुढे वाकू लागतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर तासभरही नको. सगळ्या उभ्या ठेवा, ७८ च्या आणि एलपी वेगळ्या. ७८ च्या ठिसूळ असतात, तिरप्या टेकल्या की कडेनं फुटतात. कापसाच्या दिवसांत डस्ट कव्हर लावून ठेवा आणि प्रत्येक बाजूला सुई पुसा, मागून पुढे, उलटं कधीच नाही.

पुसदचा_मेकॅनिक

मशीन कुरिअरनं येईन तं पोचल्यावर लगेच तपासा. प्लॅटर वेगळा बांधलेला पायजे, आर्मचं मागचं वजन काढलेलं पायजे, आर्म बांधलेला पायजे. तसंच दांड्यावर बसवून पाठवलं असन तं बेअरिंग हातानं फिरवून पाहा, कुठं अडते का. खोकं अन् थर्माकोल फेकू नका. सर्व्हिसले द्या लागलं तं त्यातूनच द्या लागन, गावच्या दुकानात त्या मापाचं खोकं भेटत नाई.